हातातले आणि पोटातले

आज दुपारी बोटीवर सूचना लागली की मोठे सामान संध्याकाळपर्यंत बांधून केबिनच्या दाराबाहेर ठेवावे. उद्या सकाळी उतरायचे आहे. तेव्हापासून सगळीकडे धांदल चालू आहे. समोरच्या केबिनमधल्या बाईंनी बंद केलेली ट्रंक तीनदा उघडली, कारण पहिल्यांदा मुलाचा स्वेटर आत गेला होता, मग पासपोर्ट, मग चष्मा. माझी ट्रंक सकाळीच बाहेर गेली आहे. हाताशी एक पिशवी आहे आणि तिच्यात उद्या जे लागेल तेवढेच आहे. हे शहाणपण माझे नाही. ते पौडच्या द्वारकाकाकूंचे आहे, आणि त्यांच्यामुळे हाताशी उरलेल्या या मोकळ्या वेळात त्यांच्याविषयी लिहावे, असे वाटले.

वर्गीकरण ही विज्ञानाची पहिली पायरी, असे मी शाळेत शिकवत असे. एम.एस्सी. होऊन परदेशी शिष्यवृत्तीची वाट पाहत घरी बसणे मला मानवणारे नव्हते, म्हणून मी मुळशी पेट्यातल्या पौडच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला गेले. काकूंच्या तीन खोल्यांच्या कौलारू घरातली रस्त्याकडची खोली मी भाड्याने घेतली. पहिल्या दिवशी माझी ट्रंक, स्टोव्ह आणि पुस्तकांची खोकी ओट्यावर मांडून कुठे काय ठेवावे याचा मी विचार करत होते. काकू दारात उभ्या राहून थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अशी नुसती बघत उभी राहू नकोस. आधी वेगळं कर. हातातलं कुठलं आणि पोटातलं कुठलं?"

मला काहीच कळले नाही.

"रोज लागणार ते हातातलं. वाटेत लागणार नाही ते पोटात." आणि त्यांनी डोक्यावरच्या माळ्याकडे बोट दाखवले.

ही बोटीची भाषा होती. काकूंचे यजमान मोंबासाला रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. काकूंची लग्नानंतरची बरीच वर्षे तिकडेच गेली, आणि मुंबई ते मोंबासा अशा आगबोटीच्या फेऱ्या त्यांनी मुलाबाळांसह अनेकदा केल्या. बोटीवर सामानाचे दोन भाग होतात. एक केबिनमध्ये आपल्याजवळ राहतो, दुसरा बोटीच्या पोटात जातो आणि उतरल्यावरच दृष्टीस पडतो. बहुतेक प्रवासी ही व्यवस्था बोटीवरच सोडून घरी येतात. काकूंनी ती घरी आणली आणि सगळ्या आयुष्याला लावली. मेतकूट हातातले, वर्षाचा गहू पोटातला. शेजारणीशी झालेले भांडण हातातले, कारण ते आजच मिटवायचे असते. यजमानांविषयी मी एकदा विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "ते तिकडेच गेले. ते पोटातलं आहे. आता काढत नाही."

गावात त्यांना 'बोटवाल्या काकू' म्हणत. ठेंगण्या, गोऱ्या, चालण्यात घाई आणि बोलण्यात थोडा हुकूम. डोक्यावरून पदर त्यांनी कधी घेतला नाही. बोटीवरच्या वाऱ्यात पदर डोक्यावर राहत नाही, आणि एकदा सुटलेली सवय परत लावून घेण्याइतका वेळ आपल्याकडे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दूध घालायला येणारी शेवंता त्यांना यावरून हमखास डिवचायची.

"काकू, पाटील आलं बगा रस्त्यानं. घ्या की वाईच पदर."

"पाटील काय समुद्र ओलांडून आलाय? येऊ दे."

"लई बाई तुमचं! बोटीवर ऱ्हाऊन पार गोऱ्या सायबिणी झालाय तुमी."

"आणि तू दुधात पाणी घालून पार तलाव झालीस."

यावर शेवंता पोट धरून हसायची आणि मापाला जरा जास्तच दूध ओतून जायची.

काकूंना कुठे जाण्याविषयी काही वाटत नसे. त्यांचे सगळे शास्त्र उतरण्याचे होते. पुण्याहून एस.टी.ने परत येताना बावधन मागे पडले की त्यांची चुळबूळ सुरू व्हायची, आणि भूगाव सुटले की त्या पिशवी घेऊन उभ्याच राहायच्या. कंडक्टरला हे पाठ होते.

"काकू, बसा की! अजून पिरंगुट बी आलं न्हाई."

"तुझी गाडी पौडला थांबेल तेव्हा मी दारात असेन. मागचे चारजण पिशव्या शोधत असतील, त्यांना बस म्हण."

"आवो पडशिला!"

"बिस्केच्या उपसागरात नाही पडले, तुझ्या पिरंगुटाच्या खड्ड्यात पडेन होय?" बिस्केच्या उपसागरातून त्यांची बोट कधी गेली नव्हती. पण कंडक्टरला ते माहीत नव्हते, आणि मी नकाशा दाखवायला गेले नाही.

उतरण्याचे त्यांचे काही नियम होते. तयारीची घाई करावी, उतरण्याची करू नये. माणसे आधी, सामान नंतर. शिडीवर बोलू नये. आणि सगळ्यांत महत्त्वाचा: उतरणाऱ्याने मागे वळून बघायचे नाही, कारण त्यामुळे मागच्यांची वाट तुंबते. या नियमांच्या पुष्ट्यर्थ त्या एका गृहस्थांची गोष्ट सांगत. त्या गृहस्थांनी आदल्या संध्याकाळी उत्साहाने सगळे सामान बांधून बोटीच्या पोटात पाठवले, आणि सकाळी लक्षात आले की त्यात बुटांचे सगळे जोडही गेले. धक्क्यावर नातेवाईक हार घेऊन उभे होते. गृहस्थ कोट, टाय, हॅट अशा थाटात शिडी उतरले ते अनवाणी. "हार घातले, फोटो काढला, आणि फोटोत पाय आले!" हे सांगताना दर वेळी काकूंच्या डोळ्यांत पाणी येई.

या शास्त्राचे मूळ मात्र समुद्रात नव्हते. ते मला पुष्कळ उशिरा समजले. एका रविवारी आम्ही दोघी मुळशीच्या तलावाकडे गेलो होतो. उन्हाळ्यामुळे पाणी खाली गेले होते आणि काठाच्या चिखलात दगडांची एक सरळ ओळ वर आली होती. काकू तिच्याकडे बघत म्हणाल्या, "आमचं घर ह्याच्याही पलीकडे. आत." त्या मुलगी असताना धरणाचे पाणी खोऱ्यात चढले. वडील शेवटपर्यंत म्हणत राहिले की आपल्यापर्यंत येणार नाही. पाणी परसातल्या पेरूला लागले तेव्हा सगळे उठले. "आईच्या हातात काय होतं माहीत आहे? चुलीचं पोतेरं. देव राहिले देव्हाऱ्यात, आणि ती पोतेरं घेऊन डोंगर चढली. वर गेल्यावर हाताकडे बघितलं तिनं." मग त्या म्हणाल्या, "हातातलं काय, पोटातलं काय, ते कुणी ठरवलंच नव्हतं. म्हणून मी ठरवते."

त्या ओळीकडे त्यांनी पुन्हा पाहिले नाही. परतीच्या रस्त्याला लागल्या.

आता डोकी मोजण्याची गोष्ट. शेवटच्या फेरीत काकू तीन मुलांना घेऊन एकट्याच परत आल्या. यजमान नोकरीमुळे तिथेच राहिले. बोटीवर पोचवायला आले तेव्हा त्यांनी बजावले, "चौघं चढला आहात, चौघं उतरा." मुंबईच्या धक्क्यावर प्रचंड गर्दी होती. काकूंनी मुलांच्या डोक्यांना हात लावून मोजले, तर तीन. पुन्हा मोजले, तीनच. कोणीतरी वर राहिले, या भीतीने त्या शिडीवरून उलट्या चढू लागल्या. वरून उतरणारे ओरडायला लागले, मुले रडायला लागली. शेवटी एका म्हाताऱ्या खलाशाने विचारले, कोण हरवले? काकू म्हणाल्या, "चौथं!" त्याने चौघांकडे पाहिले आणि हसत आपला हात त्यांच्याच डोक्यावर ठेवला.

तेव्हापासून कुठूनही उतरताना त्या बरोबरच्या प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत, आणि शेवटी तो हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून म्हणत, "आणि मी." एस.टी.तून उतरल्यावर, जत्रेतून परतताना, शाळेच्या स्नेहसंमेलनाहून मला घेऊन येतानाही. माझ्या डोक्यावर एक टपली आणि मग, "आणि मी." प्रथम मला हे फार बालिश वाटले. पुढे ज्या दिवशी टपली मिळाली नाही त्या दिवशी चुकल्यासारखे वाटू लागले.

त्या तिघांपैकी दोन मुली लग्न होऊन लांब गेल्या. मुलगा मधू शिक्षण संपताच वडिलांच्या जागी मोंबासाला नोकरीवर गेला, तिथेच त्याचा संसार झाला, आणि वडील वारल्यावरही तो तिथेच राहिला. तिघेही कसे न रडता, न रेंगाळता, वेळेवर घरातून गेले, हे काकू अभिमानाने सांगत. ते गेल्यावर घरात काय उरले, हे सांगत नसत; पण रात्री जेवताना त्या कधीकधी माझ्या खोलीच्या दाराशी ताट घेऊन येत आणि म्हणत, "तुझा दिवा दिसला म्हणून आले." दिवा तर रोजच असायचा.

मग मधूकडून निरोप आला की तिकडचे राज्य बदलले आहे, सगळेच हिंदी लोक निघण्याच्या तयारीत आहेत, आणि तो बायकोमुलांना घेऊन मे महिन्यात येतो आहे. 'कायमचा' हा शब्द त्या निरोपात नव्हता. तो काकूंनी घातला. इतक्यांदा घातला की आठवड्याभरात सगळे पौड म्हणू लागले की बोटवाल्या काकूंचा मधू कायमचा येतोय.

घराला चुना लागला. मोरीला नवी फरशी आली. नातवंडांसाठी ओट्याला झोपाळ्याच्या कड्या बसल्या. आणि काकूंनी माळा रिकामा करायला घेतला. वीस वर्षांचे 'पोटातले' खाली आले आणि शेवंताच्या घरी, शाळेत, देवळात वाटले गेले. मोठ्या ट्रंका येतील, त्यांना जागा हवी.

"काकू, सून हितं ऱ्हाईल का पर?" शेवंता म्हणाली. "तिला ग्वाठ्याचा वास सोसंल?"

"तुझ्या गोठ्याचा नाही सोसणार. आपला सोसेल."

"तुमचा गोठा कुटं हाय?"

"बांधू की. आता माणसं येतायत ना!"

मी हे पाहत होते. निरोपात जे नव्हते त्यावर एवढी बांधणी चाललेली मला दिसत होती. पण चुना लावणाऱ्या माणसाला, भिंत राहणार आहे का, असे विचारता येत नाही.

शाळेला सुटी होती, म्हणून काकूंबरोबर मुंबईला धक्क्यावर मी गेले. त्यांनी तिथे पोचताच दोन हमाल ठरवून ठेवले. बोट लागली, शिडी लागली, आणि लोंढा सुरू झाला. कोणी मध्येच थांबून हात हलवत होते, कोणाची मुले सुटली होती, एक बाई पिशवी विसरली म्हणून परत वर जात होती. आणि त्या सगळ्या गोंधळात चारजण एका ओळीत खाली आले. पुढे सून, तिचा हात धरून मुलगी, मुलीचा हात धरून लहान मुलगा, शेवटी मधू. कोणी बोलले नाही. कोणी वळून पाहिले नाही.

काकूंनी माझे मनगट इतके घट्ट धरले की दुखले. "बघितलंस? बघितलंस कसे उतरले?"

पाया पडणे झाले, मुलांचे मुके झाले. काकू हमालांना म्हणाल्या, "चला, पोटातलं सामान कुठल्या शेडमध्ये येतं ते बघू." क्रेनच्या जाळ्यातून लोकांच्या ट्रंका झुलत खाली येत होत्या.

मधू म्हणाला, "आई, हमाल नकोत. एवढंच आहे."

चौघांच्या हातांत चार पिशव्या होत्या. काकूंनी त्या पिशव्यांकडे पाहिले. मग वर, जाळ्यातून उतरणाऱ्या कोणाच्या तरी ट्रंकांकडे. मग हमालांना जायला सांगितले आणि चौघांच्या डोक्यांवरून हात फिरवून, स्वतःच्या डोक्यावर ठेवून म्हणाल्या, "आणि मी. चला, उशीर नको." नातीला ही गंमत फार आवडली. पौडला पोचेपर्यंत ती दिसेल त्याचे डोके मोजत होती, कंडक्टरचेसुद्धा.

तीन आठवडे घर भरलेले होते. झोपाळा सारखा करकरत होता. माळा तसाच रिकामा होता आणि काकूंनी त्याविषयी अवाक्षर काढले नाही. एक दिवस मधू माझ्या खोलीच्या दाराशी आला. सभ्य, थोडा थकलेला माणूस. म्हणाला, "तुमचं ती ऐकते. तुम्ही सांगाल का तिला? आम्ही इंग्लंडला चाललोय. तिकडे नोकरी ठरलीय. जड सामान मोंबासाहून परस्पर पुढे गेलं. तिला नेणं... थंडी आहे, दोन खोल्यांची जागा आहे. तिला सोसायचं नाही." तो प्रामाणिकपणे बोलत होता, आणि त्यातले काहीच खोटे नव्हते.

मी स्वयंपाकघरात गेले. काकू एका डब्यात मेतकूट दाबून भरत होत्या. मी तोंड उघडण्याआधीच त्या म्हणाल्या, "त्यानं तुला पुढं केलं होय? लहानपणीही धाकटीलाच पुढं करायचा."

"काकू, तुम्हाला माहीत आहे?"

"धक्क्यावरच कळलं. संसार उचलून आलेला माणूस चार पिशव्यांनी उतरतो का? पोटातलं सामान जिथं जातं तिथं माणूस जातो. हे तर मीच शिकवलंय त्याला."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"शिडीवर बोलू नये."

"पण आता तर घरी आहोत."

"त्याच्यासाठी ही शिडीच आहे गं," काकू म्हणाल्या. "तो अजून उतरलाच नाहीये."

मी म्हणाले, की तुम्ही त्याला विचारा, बरोबर न्या म्हणा. तो नाही म्हणणार नाही. काकूंनी डब्याचे झाकण लावले, ते बसले की नाही ते अंगठ्याने दाबून पाहिले.

"नाही म्हणणार नाही, म्हणूनच विचारत नाही. पोटातलं सामान वाईट असतं म्हणून खाली ठेवतात का? चांगलंच असतं. फक्त वाटेत लागत नाही."

त्यांचा आवाज अगदी रोजचा होता.

निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्यांच्या पिशव्या स्वतः भरल्या. प्रत्येकाचे वरचे कपडे, वाटेतला खाऊ, आणि सुनेच्या पिशवीत अगदी वर बूट पुसायचे फडके. सकाळी एस.टी.च्या थांब्यावर चौघे ओळीत उभे राहिले. काकूंनी हात फिरवला. एक, दोन, तीन, चार. आणि हात खाली घेतला.

नात म्हणाली, "आजी, 'आणि मी' राहिलं!"

"ते उतरताना म्हणायचं, राणी. ही चढायची वेळ."

मुलगी समजूतदारपणे चढली. चौघांनीही मागे पाहिले नाही. त्यांना तसेच शिकवलेले होते. गाडी दिसेनाशी झाल्यावर शेवंता पदराने डोळे पुसत म्हणाली, "काय ही माणसं! येकानं बी वळून बगितलं न्हाई."

"छान गेले," काकू म्हणाल्या. "अगदी छान गेले." आणि घरी येऊन त्यांनी झोपाळा काढून ठेवला.

पुढच्या वर्षी माझी शिष्यवृत्ती आली. ती बातमी त्यांना सांगताना माझा आनंद मला लपवता आला नाही आणि त्यांनी लपवूही दिला नाही. शेवंताला पेढे आणायला पिटाळले. मग बांधाबांध. माझ्या ट्रंकेतून त्यांनी निम्म्या वस्तू बाहेर काढल्या. पुस्तकांची खोकी बघून म्हणाल्या, "ही तिकडं नेऊ नकोस. माझ्या पोटात ठेवून जा. माळा रिकामाच आहे." मी शिडी धरली आणि त्यांनी खोकी वर लावली, एकावर एक, भिंतीला लागून. उतरल्यावर बराच वेळ त्या वर बघत राहिल्या. माळ्यावर पुन्हा काहीतरी होते.

सकाळी थांब्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. "एक. जा. मागं बघायचं नाही."

मी चढले. खिडकीची जागा मिळाली. नियम उतरणाऱ्यासाठी होता, चढणाऱ्यासाठी नव्हता, असा मी अर्थ लावला आणि गाडी सुटताना मागे पाहिले. काकू रस्त्याच्या कडेला एकट्याच उभ्या होत्या. शेवंता केव्हाच गोठ्याकडे वळली होती. काकूंनी हात हलवला नाही. उजवा हात सावकाश वर नेला, डोक्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

शेजारची बाई माझ्यावरून वाकून बघत म्हणाली, "पदर सावरत्यात जणू."

काकू डोक्यावरून पदर घेत नसत.